जठरनिर्गम अवरोधावरील दुर्बीण शस्त्रक्रिया

जठरनिर्गम अवरोधावरील दुर्बीण शस्त्रक्रिया ही पचनज व्रणामुळे (पेप्टिक अल्सरमुळे) जठराचे खालचे तोंड बंद झाले असता, पोट मोठ्या छेदाने न उघडता, लहान छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्याची उपकरणे आत सोडून केली जाणारी शस्त्रक्रिया होय. बंद झालेली जागा तशीच ठेवून अन्नाला लहान आतड्यात उतरण्यासाठी नवी वाट करून देणे हा तिचा मुख्य हेतू असतो. गरजेनुसार जठरातील आम्लनिर्मितीस चेतना देणारी प्राणेशा तंत्रिकाही त्याच वेळी छेदली जाते. बोलीभाषेत या पद्धतीस 'दुर्बिणीतून ऑपरेशन' किंवा 'बिनटाक्याचे ऑपरेशन' असे म्हणतात. यांपैकी दुसरे नाव बरोबर नाही, कारण छिद्रे लहान असली तरी आत जठर व आतडे यांची शिवण घालावीच लागते.

रचना आणि विकाराचे स्वरूप

अन्न अन्ननलिकेतून जठरात येते, तेथे आम्ल व पाचकरस यांत घुसळले जाते आणि जठराच्या उजव्या टोकाकडील अरुंद भागातून थोडेथोडे पुढे सोडले जाते. या अरुंद भागास जठरनिर्गम असे म्हणतात. तेथे स्नायूंचे जाड वलय असते व ते झडपेसारखे काम करते. त्याच्या पुढे लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे आद्यांत्र, सुरू होतो. आद्यांत्रास वैद्यकीय व्यवहारात ड्युओडेनम म्हणतात.

पचनज व्रण प्रामुख्याने जठराच्या आतील अस्तरावर किंवा आद्यांत्राच्या सुरुवातीच्या भागात होतो. व्रणाभोवती सूज येते, तो भरून येताना तंतुमय व्रणवस्तू तयार होते आणि ती आकसते. असे भरणे व पुन्हा चिघळणे वर्षानुवर्षे चालू राहिल्यास मार्ग अरुंद होत जाऊन शेवटी जवळजवळ बंद होतो. अडथळ्याचा जो भाग सुजेमुळे असतो तो औषधांनी कमी होऊ शकतो. व्रणवस्तूच्या आकुंचनामुळे झालेला अडथळा मात्र औषधांनी जात नाही. उपचाराचा पुढचा सर्व विचार या फरकावर अवलंबून असतो.

रक्तस्राव, छिद्र पडणे आणि अवरोध हे पचनज व्रणाचे तीन प्रमुख उपद्रव आहेत. पहिले दोन अचानक उद्भवतात व रुग्णास तातडीने रुग्णालयात आणले जाते. अवरोध हळूहळू वाढतो, त्यामुळे त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

कारणे

बहुसंख्य पचनज व्रणांच्या मुळाशी दोन कारणे आढळतात. पहिले कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी या जिवाणूचा जठरदाह व व्रण यांच्याशी असलेला संबंध दाखवून दिला. त्यासाठी त्यांना २००५ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे कारण अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांचे दीर्घकाळ सेवन. गुडघे, कंबर वा पाठ दुखते म्हणून या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊन महिनोन्‌महिने खाल्ल्या जातात. धूम्रपानामुळे व्रण भरून येण्यास अडथळा येतो.

जठरनिर्गमाचा प्रत्येक अवरोध व्रणामुळेच झालेला असतो असे नाही. जठराच्या खालच्या भागाचा कर्करोग, स्वादुपिंडाच्या शीर्षाचा कर्करोग, आद्यांत्राचा क्षयरोग आणि आम्लासारखे दाहक द्रव पोटात गेल्यामुळे झालेली इजा हीदेखील कारणे असू शकतात. पूर्वी व्रण हे सर्वांत मोठे कारण होते. प्रभावी औषधे आल्यापासून त्याचे प्रमाण घटले आणि कर्करोगाचे सापेक्ष प्रमाण वाढले. म्हणून प्रौढ वयात अवरोधाची लक्षणे दिसल्यास कर्करोग नाही याची खात्री करणे ही निदानातील पहिली पायरी मानली जाते.

लक्षणे

जेवणानंतर पोट गच्च होणे, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, आंबट वा कुजकट ढेकर येणे ही सुरुवातीची लक्षणे होत. पुढे उलट्या सुरू होतात व त्यांचे स्वरूप वैशिष्ट्यपूर्ण असते. उलटी जेवणानंतर काही तासांनी, बहुधा संध्याकाळी वा रात्री होते, तिचे प्रमाण पुष्कळ असते आणि तीत सकाळचे किंवा आदल्या दिवशीचे न पचलेले अन्न ओळखू येते. अडथळा पित्तनलिकेच्या मुखाच्या अलीकडे असल्यामुळे उलटीत हिरवे-पिवळे पित्त नसते. उलटीनंतर रुग्णास बरे वाटते.

मराठी बोलीत छातीतील जळजळ, डोकेदुखी व मळमळ या सर्वांस सरसकट 'पित्त' म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे अवरोधाचा रुग्णही 'पित्ताचा त्रास' म्हणून अनेक महिने घरगुती उपाय करत राहतो. बोटे घालून उलटी काढणे व खाण्याचा सोडा घेणे हे त्यांतील नेहमीचे उपाय होत. या विकारात उलटीवाटे शरीरातील आम्ल आधीच कमी झालेले असते, त्यामुळे सोड्याने तात्पुरता आराम वाटला तरी रक्तातील बिघाड वाढतो. आदल्या दिवशीचे अन्न उलटीत दिसणे आणि वजन घटत जाणे ही दोन चिन्हे एकत्र दिसल्यास ते साधे आम्लपित्त समजू नये.

तपासणीत रुग्ण कृश व शुष्क दिसतो. पोटाच्या वरच्या भागात डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या लाटा दिसू शकतात. जठर आपल्या बळाने अडथळ्यावर मात करण्याचा प्रयत्न करत असल्याची ती खूण असते. रुग्णास कुशीवर हलविल्यास अर्धवट भरलेल्या पखालीतील पाण्यासारखा डुचमळण्याचा आवाज येतो.

शरीरातील रासायनिक बिघाड

वारंवार उलट्या झाल्यामुळे पाणी, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्षार शरीराबाहेर जातात. रक्तातील क्लोराइड व पोटॅशियम कमी होते आणि रक्ताची अल्कधर्मिता वाढते. सुरुवातीस मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात. मात्र शरीरातील पाणी फार कमी झाले की सोडियम व पाणी राखून ठेवणे हे मूत्रपिंडांचे पहिले काम ठरते. सोडियम राखण्याच्या बदल्यात ती पोटॅशियम व हायड्रोजन आयन बाहेर सोडू लागतात. परिणामी रक्त अल्कधर्मी असूनही लघवी मात्र आम्लधर्मी होते. ही विसंगती दिसणे हे बिघाड गंभीर झाल्याचे लक्षण आहे. पोटॅशियम फार उतरल्यास स्नायूंचा अशक्तपणा व हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता येते. अशा अवस्थेत भूल देणे धोक्याचे असते.

निदान

तोंडावाटे दुर्बीण घालून केलेली जठराची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, ही निदानाची मुख्य पद्धत होय. त्यापूर्वी नाकातून नळी घालून जठर रिकामे करावे लागते, अन्यथा आत साचलेल्या अन्नामुळे काही दिसत नाही व ते श्वासनलिकेत जाण्याचा धोकाही असतो. तपासणीत अडथळ्याची जागा व स्वरूप पाहून संशयित भागाचे अनेक तुकडे काढले जातात. त्यांवरून कर्करोग आहे की नाही हे ठरते आणि हेलिकोबॅक्टरची तपासणीही करता येते. आम्लरोधक औषधे चालू असताना ही तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. सीटी स्कॅनमुळे स्वादुपिंड व आसपासच्या ग्रंथींची स्थिती कळते. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात फुगलेले जठर व त्यापुढील अरुंद वाट दिसते.

शस्त्रक्रियेपूर्वीचे उपचार

पचनज व्रणामुळे झालेल्या अवरोधात शस्त्रक्रिया प्रायः तातडीने करत नाहीत. आधी काही दिवस रुग्णाची तयारी केली जाते. जाड नळीने जठर धुऊन रिकामे ठेवल्याने ताणलेल्या स्नायूंना विश्रांती मिळते व अस्तराची सूज उतरते. शिरेवाटे सामान्य सलाईन देऊन पाणी व क्लोराइड भरून काढतात आणि लघवी नीट होऊ लागल्यावर पोटॅशियम देतात. क्लोराइड मिळाले की मूत्रपिंडे रक्तातील जादा बायकार्बोनेट पुन्हा बाहेर टाकू शकतात व बिघाड दुरुस्त होतो. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या रुग्णास ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन हे जीवनसत्त्व देणे आवश्यक असते. पोषणही सावकाश वाढवावे लागते, कारण एकदम भरपूर आहार सुरू केल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात.

याच काळात आम्लरोधक औषधे शिरेवाटे दिली जातात, वेदनाशामक गोळ्या बंद केल्या जातात आणि हेलिकोबॅक्टर आढळल्यास प्रतिजैविकांचा उपचार योजला जातो. काही रुग्णांचा अडथळा एवढ्यानेच दूर होतो. इतरांत एंडोस्कोपीद्वारे फुगा फुगवून अरुंद भाग टप्प्याटप्प्याने रुंद करता येतो. हा उपाय पुन्हापुन्हा करूनही मार्ग अरुंद होत राहिल्यास, फुगा पुढे सरकतच नसल्यास किंवा व्रणवस्तू फार जुनी व कठीण असल्यास शस्त्रक्रिया केली जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

व्हिएन्ना येथे २९ जानेवारी १८८१ रोजी टेओडोर बिलरोट यांनी कर्करोगग्रस्त जठरनिर्गम यशस्वीपणे काढून टाकला. त्याच वर्षी त्यांचे सहायक अँटोन व्होल्फ्लर यांनी काढता न येणाऱ्या गाठीच्या रुग्णात जठर थेट लहान आतड्यास जोडले. आज व्रणजन्य अवरोधासाठी केली जाणारी जोडणी हे याच कल्पनेचे पुढचे रूप आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस पोलिश शल्यचिकित्सक लुडविक रिडिगियर यांनी व्रणामुळे अरुंद झालेला जठरनिर्गम काढण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे अमेरिकेतील लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी १९४३ पासून प्राणेशा तंत्रिका छेदण्याची पद्धत रूढ केली.

दुर्बिणीच्या वाटेचा इतिहास वेगळा आहे. गेओर्ग केलिंग यांनी १९०१ साली कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बीण घातली आणि स्वीडनचे हान्स क्रिस्टियान याकोबेउस यांनी १९१०च्या सुमारास हा प्रयोग माणसांवर केला. दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीत एरिख म्यूए यांनी १९८५ साली व फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ साली केली. त्यानंतर काही वर्षांतच जठराच्या शस्त्रक्रियाही या मार्गाने होऊ लागल्या. सिंगापूर येथे पीटर गोह यांनी १९९२ साली दुर्बिणीद्वारे जठराचा भाग काढून उरलेला भाग आतड्यास जोडला.

महाराष्ट्रातील आरंभ

भारतात या तंत्राचा पाया मुंबईत घातला गेला. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ साली मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्यास प्रारंभ केला. त्या काळी सोनोग्राफी व सीटी स्कॅन सर्वत्र उपलब्ध नव्हते. त्यामुळे पोट न उघडता आत पाहता येणे, विशेषतः गरीब रुग्णांच्या बाबतीत, मोलाचे होते. भारतातील दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रियाही त्यांनी १९९० साली याच रुग्णालयात केली. महागड्या यंत्रांची म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत सार्वजनिक रुग्णालयातही रुजू शकते हे त्यातून दिसून आले. भारत सरकारने त्यांना २००६ साली पद्मश्री व २०१७ साली पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांचे निधन २०२३ साली झाले.

शस्त्रक्रियेची पद्धत

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केली जाते. भूल देताना जठरातील द्रव श्वासमार्गात जाऊ नये म्हणून नळीने जठर आधीच रिकामे करून ठेवतात. बेंबीजवळील छिद्रातून पोटाच्या पोकळीत कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरला जातो. त्याचा दाब बहुधा १२ ते १४ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. वायूमुळे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते व आत काम करण्यास जागा मिळते. नंतर ५ ते १२ मिलिमीटर रुंदीची एकूण चार ते पाच छिद्रे पाडून त्यांत नळ्या बसवितात. एकीतून कॅमेरा व इतरांतून उपकरणे आत जातात. शल्यचिकित्सक पडद्यावर पाहून काम करतो.

तंत्रिकाछेदन करावयाचे असल्यास प्रथम यकृताचा डावा भाग वर उचलून अन्ननलिकेचा खालचा भाग मोकळा केला जातो. पुढची प्राणेशा तंत्रिका अन्ननलिकेच्या पृष्ठभागाला चिकटून असते, तर मागची तंत्रिका अधिक जाड असून थोडी मागे व उजवीकडे सापडते. दोन्ही ओळखून छेदल्या जातात व त्यांचे लहान तुकडे सूक्ष्मदर्शकीय तपासणीस पाठवितात. तंत्रिका छेदल्यावर आम्लनिर्मिती घटते, परंतु जठराची अन्न पुढे ढकलण्याची शक्तीही कमी होते. त्यामुळे ज्यांना अवरोध नाही अशा रुग्णांतही तंत्रिकाछेदनासोबत जठराला नवी वाट करून द्यावी लागत असे.

नवी वाट करण्यासाठी आडवे बृहदांत्र वर उचलून त्याखाली मध्यांत्राची सुरुवात शोधली जाते. तेथपासून थोड्या अंतरावरील आतड्याचा वेढा ताण न पडता जठरापर्यंत आणतात. हा वेढा बृहदांत्राच्या पुढून आणता येतो किंवा त्याच्या पडद्याला छिद्र पाडून मागून आणता येतो. दुर्बीण पद्धतीत पुढची वाट सोपी असते. जठर व आतडे यांना प्रत्येकी एक लहान छिद्र पाडून त्यांत स्टेपलर या उपकरणाचे दोन जबडे घालतात. ते मिटून चालविताच दोन्ही भिंतींत धातूच्या बारीक टाक्यांच्या रांगा बसतात व मधला भाग कापला जाऊन रुंद तोंड तयार होते. उपकरण घालण्यासाठी केलेले छिद्र विरघळणाऱ्या धाग्याने हाताने शिवतात. स्टेपलर महाग असल्यामुळे काही ठिकाणी संपूर्ण जोडणी हाताने शिवली जाते. तीत वेळ व कौशल्य अधिक लागते, पण खर्च वाचतो. शेवटी नळीतून निळा द्रव किंवा हवा सोडून जोडणी गळत नाही याची खात्री करतात.

प्रभावी आम्लरोधक औषधे उपलब्ध झाल्यापासून तंत्रिकाछेदनाचे महत्त्व कमी झाले आहे. जिवाणूचा नायनाट करता येतो आणि रुग्ण औषधे नियमित घेऊ शकतो अशा वेळी अनेक शल्यचिकित्सक केवळ जोडणी करतात. जो रुग्ण औषधे सातत्याने घेऊ शकणार नाही, त्याच्या बाबतीत तंत्रिकाछेदनाचा विचार आजही केला जातो.

उघड्या शस्त्रक्रियेशी तुलना

दुर्बीण पद्धतीत जखम लहान असल्याने वेदना कमी होतात, जखमेत पू होण्याचा व पुढे हर्निया होण्याचा धोका घटतो आणि रुग्ण लवकर चालू-फिरू लागतो. श्रमावर पोट असलेल्या माणसास लवकर कामावर जाता येणे हा मोठा लाभ असतो. उलटपक्षी शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागतो, उपकरणे महाग असतात आणि पोटाच्या आत शिवण घालण्याचे विशेष प्रशिक्षण आवश्यक असते. पोटात पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे फार चिकटलेपणा असल्यास, रक्तस्राव आवरत नसल्यास किंवा रचना स्पष्ट दिसत नसल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण केली जाते. तो रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो, अपयश नव्हे. आत केली जाणारी जोडणी दोन्ही पद्धतींत तीच असते.

गुंतागुंत

जोडणीतून गळती, रक्तस्राव व अन्ननलिकेला इजा या सुरुवातीच्या काळातील गंभीर गुंतागुंती होत. दीर्घकाळ ताणलेले जठर लगेच पूर्ववत काम करत नाही, त्यामुळे जोडणी चांगली असूनही काही दिवस अन्न सावकाश उतरते. पुढील काळात जेवणानंतर घाम, धडधड व चक्कर येणे, जुलाब, पित्ताच्या उलट्या किंवा जोडणीच्या काठावर नवा व्रण होणे असे त्रास संभवतात. जोडणीवरील व्रणाचा धोका धूम्रपान व वेदनाशामक गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत अधिक असतो. दीर्घकाळात लोह व जीवनसत्त्व बी-१२ यांची कमतरता होऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

जठर काम करू लागले की आधी पाणी, मग पातळ पदार्थ व नंतर मऊ अन्न दिले जाते. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडेथोडे खावे लागते. मऊ भात, मुगाचे वरण, ताक असे पदार्थ सोसतात. सरबत, गोड चहा, गुळाचे पदार्थ एकदम जास्त घेतल्यास घाम व धडधडीचा त्रास होतो. जेवताना भरपूर पाणी पिणे टाळावे लागते. हेलिकोबॅक्टरचा उपचार पूर्ण करून जिवाणू गेल्याची खात्री करणे हा उपचाराचाच भाग आहे.

ग्रामीण रुग्ण आणि उपचाराची वाट

पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके डोंगराळ असून भातशेती हे तेथील मुख्य पीकजीवन आहे. भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे पुणे-सातारा महामार्गाजवळचे गाव आहे. तेथील रुग्णास पुण्यातील रुग्णालय गाठणे सह्याद्रीच्या आतल्या वस्त्यांवरील रुग्णापेक्षा सोपे जाते. तरीही दुर्बिणीद्वारे जठराची जोडणी करण्यासाठी लागणारी यंत्रसामग्री, भूलतज्ज्ञ व प्रशिक्षित शल्यचिकित्सक मोठ्या शहरांतच प्रामुख्याने एकत्र मिळतात. पुण्यात १८६७ साली स्थापन झालेले ससून रुग्णालय हे परिसरातील प्रमुख सरकारी रुग्णालय असून १९४६ साली सुरू झालेले बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय त्यास जोडलेले आहे. राज्य शासनाने २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली व पुढे तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव दिले. या योजनेत अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक शस्त्रक्रियांचा खर्च शासनातर्फे केला जातो.

तथापि या विकारात निर्णायक गोष्टी शहरात पोहोचण्यापूर्वीच घडतात. वेदनाशामक गोळ्यांचे सेवन थांबविणे, व्रणाची औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घेणे आणि शिळ्या अन्नाची उलटी व घटते वजन ही चिन्हे ओळखून रुग्णास वेळीच एंडोस्कोपीसाठी पाठविणे ही कामे गावपातळीवर होऊ शकतात. शिरेवाटे सलाईन देऊन रुग्ण स्थिर करणे तालुक्याच्या ठिकाणीही शक्य असते. अवरोध लवकर ओळखला गेल्यास अनेकांना शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही. ज्यांना पडते तेही अंगात थोडी शक्ती शिल्लक असताना शस्त्रक्रियेला सामोरे जाऊ शकतात.